बिऱ्हाड, पाळणा आणि शाळा
हंगामी स्थलांतर : लेखांक पाचवा

मागील लेखांकात उचलीचा, म्हणजे हंगामापूर्वी मालकाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेचा, विचार आपण केला आणि तिच्यापायी एका कुटुंबाचे सहा महिन्यांचे श्रम आगाऊ कसे बांधले जातात हे पाहिले. उचल घेतलेले ते कुटुंब प्रत्यक्ष घर सोडते तेव्हा त्याच्याबरोबर लहानमोठी मुलेही निघतात. त्या मुलांचा निवारा आणि त्यांची शाळा हा या लेखांकाचा विषय आहे.

लेकराबाळांसह परमुलखात बिऱ्हाड हलविणे कोणत्याही कुटुंबाला जडच जाते. नोकरीनिमित्त दुबईस किंवा जर्मनीस जाणारा मराठी गृहस्थ निघण्यापूर्वी कित्येक महिने दोनच गोष्टींची चौकशी करीत असतो : राहावयास जागा कोठे मिळेल, आणि मुलाला कोणती शाळा दाखल करून घेईल. शहापूर व मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांतल्या कातकरी व ठाकूर कुटुंबांपुढे हेच दोन प्रश्न दरसाल उभे राहतात. मात्र चौकशी करावयास त्यांच्यापाशी ना सवड असते ना साधन, आणि जागेचा निर्णय ते ज्या वीटभट्टीवर मजुरीस जातात तिचा मालक करतो, तर शाळेचा निर्णय बहुधा कोणीच करीत नाही.

भाताची कापणी व झोडणी आटोपली, दिवाळीचे चार दिवस वाडीवर गेले, की टोकावडे, धसई, डोळखांब, किन्हवली, कसारा या भागांतल्या वाड्यांवर मालकाचे टेंपो येऊ लागतात. भांडीकुंडी, गोधड्या, चार कोंबड्या, क्वचित एखादे कुत्रे आणि मुले असा सारा संसार त्यात चढतो आणि भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, वसई, पनवेल यांपैकी कोठल्या तरी वीटभट्टीवर उतरतो. थोडीफार शेती असलेली ठाकूर मंडळी राब भाजण्याच्या वेळेस परत फिरू शकतात. कातकरी बहुतांशी भूमिहीन, तेव्हा भट्टी विझून वळवाचे ढग दिसेपर्यंत त्यांचा मुक्काम हलत नाही. आता शाळेचे वर्ष पाहा. ते जूनच्या मध्यास सुरू होते, दिवाळीच्या सुटीने त्याचे दोन भाग पडतात, आणि एप्रिलच्या अखेरीस परीक्षा होऊन ते संपते. म्हणजे भट्टीचा हंगाम आणि शाळेचे दुसरे सत्र हे जवळजवळ तिथीवार एकमेकांवर पडतात. पहिली ते चौथी या चार इयत्तांतून जाणारे भट्टीवरचे मूल प्रत्येक इयत्तेचा पूर्वार्ध तेवढा शिकते, आणि उत्तरार्ध त्याच्या वाट्यास कधीच येत नाही.

भट्टीवर जे घर मिळते त्याला या भागात भोंगा म्हणतात. तो आयता मिळत नाही. येणाऱ्या कुटुंबाने पहिल्या एकदोन दिवसांत स्वतःच उभारावयाचा असतो, आणि त्या दिवसांची मजुरी कोणी धरीत नाही. फुटक्या किंवा कच्च्या विटा चिखलाशिवाय एकावर एक रचून कमरेएवढ्या भिंती करावयाच्या, वर बांबू आडवे टाकून पेंढा अंथरावयाचा, त्यावर मिळाला तर प्लॅस्टिकचा कागद ओढावयाचा, की घर झाले. आत वाकून शिरावे लागते. चूल बहुधा बाहेर, पाणी मालकाच्या टाकीचे, शौचास उघड्यावर. आणि चार पावलांवर तूस व कोळशाची भुकटी घालून पेटविलेली भट्टी रात्रंदिवस धुमसत असते, तिचा धूर वारा फिरेल तिकडे जातो. या सर्व उणिवा पाहणाऱ्याच्या लगेच डोळ्यांत भरतात. परंतु एक उणीव अशी आहे की जिच्याकडे सरकारी पाहणीचे लक्ष क्वचितच जाते, आणि माझ्या मते मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने तीच सर्वांत घातक आहे. ती ही, की भोंग्याला दार नसते.

दार नसलेल्या घराला राखण लागते. आत तांदळाचे गाठोडे असते, आठवड्याच्या खर्चीतून उरलेले पैसे असतात, शिधापत्रिका व आधारपत्रे ठेवलेली पिशवी असते, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे अंगावर पिणारे किंवा नुकते रांगू लागलेले मूल असते. आईबाप उजाडण्यापूर्वीच चिखल मळावयास लागतात. मोबदला हजार विटांमागे ठरलेला असल्यामुळे आईचा हात साच्यापासून सुटला की तेवढ्या विटा कमी पडतात, आणि पाडलेली प्रत्येक वीट उचलीच्या आकड्यातून वजा व्हावयाची असल्यामुळे तो हात सुटणे कुटुंबाला परवडत नाही. मग भोंग्यापाशी कोणी बसावयाचे? सात, आठ किंवा दहा वर्षांची थोरली मुलगी बसते. ती धाकट्याला कडेवर घेते, चूल पाहते, पाणी आणते, आणि ऊन वाढले की वाळत घातलेल्या विटा उलथवावयासही जाते. शिक्षक भट्टीवर येऊन हिला शाळेत पाठवा असे सांगतात तेव्हा आई हो म्हणते, मनापासून म्हणते. पण दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत दिसत नाही, आणि पालकांना शिक्षणाची आस्था नाही असा शेरा दप्तरी पडतो. हा शेरा अन्यायाचा आहे. मुलीची शाळा पालकांच्या अनास्थेने बुडालेली नसून धाकट्या भावंडाच्या पाळण्यापाशी अडलेली आहे, आणि तो पाळणा सांभाळणारे दुसरे माणूस दिल्यावाचून ती सुटणार नाही.

कायद्याने या मुलीस काय दिले आहे? १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाने पुष्कळच दिले आहे. शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयास योग्य अशा इयत्तेत बसवावे व मागे पडलेला अभ्यास विशेष शिकवणीने भरून काढावा, असे कलम ४ सांगते. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क कलम ५ देते, आणि तेथे एक मोलाची तजवीज आहे : शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकाने तत्काळ द्यावयाचा, पण तो आला नाही एवढ्या कारणावरून नव्या शाळेने प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून कलम ९ मध्ये स्वतंत्रपणे लिहिले आहे. जन्माचा पुरावा नाही म्हणून कोणाला परत पाठविण्यास कलम १४ ने मनाई केली आहे. याच्या जोडीला महाराष्ट्रात शिक्षण हमी पत्रकाची पद्धत आहे. मूल कोणत्या इयत्तेत होते, वाचन व गणित कोठवर आले होते, हे मूळ शाळेने त्यावर लिहून पालकांच्या हाती द्यावे आणि भट्टीजवळच्या शाळेने ते पाहून मुलाला बसवून घ्यावे, अशी ती व्यवस्था आहे.

परंतु हा सारा हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. सहा वर्षांखालील बालकांसाठी त्याच अधिनियमाच्या कलम ११ मध्ये शासनाने सोय करावी असे सुचविले आहे. बंधन घातलेले नाही. पाळणाघराबद्दल १९४८ च्या कारखाना अधिनियमाने तीसहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे ते काढण्याची सक्ती केली होती, पण सामान्य भट्टीवर जोडप्यांची संख्या तेथवर पोहोचत नसे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या अधिनियमात ठेकेदाराने मजुरास योग्य निवारा द्यावा असे कलम होते; ते राज्याची सीमा ओलांडणाऱ्यास लागू होते, टोकावड्याहून भिवंडीस जाणाऱ्यास नव्हे. थोरल्या मुलीचा शाळेचा हक्क याप्रमाणे भक्कम असूनही ज्या दोन गोष्टींवर तो प्रत्यक्षात टेकलेला आहे, म्हणजे घराचे दार आणि धाकट्याचा सांभाळ, त्या दोन्ही बाबतींत कायद्याचा हात आखडता राहिला आहे.

थोरल्याची शाळा धाकट्याच्या सांभाळावर टेकलेली आहे हे ज्यांनी पूर्वीच ओळखले त्यांचे काम आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात झाले, हे येथे आदराने नमूद केले पाहिजे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारल्यांची मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. त्याचप्रमाणे मोठी मुले धाकट्यांना सांभाळण्यात गुंततात हे ध्यानी येताच विकासवाडी नावाच्या आपल्या प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक वर्ग एकाच आवारात जोडून चालविले. थोरलीने धाकट्याला कडेवरून आणावे, पाळणाघरात उतरवावे आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसावे, इतकी ती सरळ योजना होती. आज कोसबाड पालघर जिल्ह्यात गेले आहे, पण त्या योजनेची गरज भिवंडी व कल्याणच्या भट्ट्यांवर तितकीच तीव्र आहे. वसईच्या परिसरात विधायक संसद या संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात भट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या, तेही याच जातीचे काम होते. भोंगाशाळेने शेकडो मुलांना अक्षरओळख दिली याबद्दल कृतज्ञ राहूनही माझे मत असे आहे की, सहा वर्षांवरील मुलाचे स्थान भट्टीबाहेरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, गावच्या इतर मुलांच्या बरोबरीने असावे. भट्टीवर हवे आहे ते पाळणाघर.

यावर मुलांना आश्रमशाळेत ठेवावे असे सुचविले जाते. शहापूरला आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय आहे आणि दोन्ही तालुक्यांत शासकीय व अनुदानित आश्रमशाळा आहेत. दहाअकरा वर्षांच्या पुढच्या मुलामुलींना, त्यांची इच्छा असल्यास, तो मार्ग चांगला आहे. सहा वर्षांच्या पोराला मात्र आईपासून सहा महिने दूर ठेवावे असे मला वाटत नाही. आजी वाडीवर असेल तर तिच्यापाशी ठेवणे उत्तम. पण पुष्कळ वाड्यांवर हंगामात आजीही भट्टीवरच गेलेली असते.

वास्तविक परदेशी जाणाऱ्या कुटुंबाच्या मानाने भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची एक अडचण फार हलकी आहे. परदेशात भाषा नवी, पुस्तक नवे, नियम नवे. मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ हे पाचही तालुके मात्र एकाच ठाणे जिल्हा परिषदेचे आहेत. बालभारतीचे जे पुस्तक धसईच्या शाळेत तेच भिवंडी तालुक्यातील पडघ्याच्या शाळेत, शिक्षणाधिकारी एक, परीक्षा एक. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा विभागला गेल्यामुळे वसईस जाणाऱ्यांपुरते हे खरे राहिले नाही, तरी पाठ्यपुस्तक तेथेही तेच आहे. तेव्हा मुलाला धडा नवा वाटावयाचे कारण नाही. त्याची वाट मोकळी करून देणे तेवढे बाकी आहे.

ती मोकळी करण्याचा नमुनाही आपल्या कायद्यातच आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाने असा दंडक घातला की, कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांपैकी एका स्त्रीस मुले सांभाळण्याचे काम द्यावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. हाच नियम वीटभट्ट्यांना लावावा. एका स्त्रीची रोजची मजुरी मालकाच्या हजारो विटांच्या उलाढालीत अवजड नाही, आणि भट्टी सुरू करण्यापूर्वी महसूल खात्याकडे मातीचे स्वामित्वधन भरून परवानगी घ्यावी लागतेच. त्याच परवानगीत पाळणाघराची एक खोली, तिला दार, जवळच्या अंगणवाडीशी जोडणी आणि प्रत्येक भोंग्याला कडीकुलपाचे दार एवढ्या अटी घालणे तहसीलदारांना अशक्य नाही. त्यासाठी शासनाचा स्पष्ट हुकूम मात्र हवा.

तो निघेपर्यंत जे आपल्या हातात आहे ते करावे. शहापूर व मुरबाडच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, हमी पत्रके दिवाळीची सुटी लागण्यापूर्वीच लिहून ठेवावीत. सुटीनंतर शाळा उघडेल तेव्हा मुले गेलेली असतील. पत्रकावर मुलाबरोबर सहा वर्षांखालचे भावंड आहे की नाही हे एका ओळीत अवश्य लिहावे, म्हणजे पलीकडच्या शाळेला अंगणवाडी सेविकेस बरोबर घेऊन भट्टीवर जाता येईल. कोणते कुटुंब कोणत्या गावच्या भट्टीवर जाणार हे मजूर जमविणाऱ्या मुकादमास ठाऊक असते. ग्रामसेवकाने ते त्याच्याकडून लिहून घ्यावे. आणि भिवंडी, कल्याणकडील मुख्याध्यापकांनी कडेवर मूल घेऊन दारात आलेल्या मुलीला धाकट्यासह आत बसवून घ्यावे, त्याला घरी ठेवून ये असे सांगू नये.