तारा लावलेले दात आणि मशेरीची डबी

हल्ली गटाच्या बैठकीत एक मागणी वरचेवर येते. मुलीच्या दातांना तारा लावायच्या आहेत, कर्ज मिळेल का? कर्जाचं गट ठरवेल. पण ज्या कामासाठी एवढा पैसा आणि दीड-दोन वर्षांच्या फेऱ्या, ते काम तोंडात चालतं कसं आणि मशेरी त्याला कुठे आडवी येते, हे आज सांगते.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पातळ पदर असतो. तार दाताला हळूच रेटते. ज्या बाजूला दात रेटला जातो, तिथलं हाड झिजवणाऱ्या पेशी कामाला लागतात. मागे जी जागा मोकळी होते, तिथे हाड भरणाऱ्या पेशी येतात. रस्त्याच्या कामावर एक टोळी खणते आणि दुसरी भराव घालते, तसंच. दोन्ही टोळ्या जोडीने चालल्या तर दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. म्हणून वेळ लागतो. डॉक्टर मुद्दाम फेऱ्या वाढवतात असं काही बायका म्हणतात, ते खरं नाही.

आता तंबाखू. मशेरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच, कुणी तिला मिश्री म्हणो. भाजल्याने निकोटीन जात नाही. बोटाने हिरडीवर चोळलं की ते तिथूनच रक्तात उतरतं. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीला रक्त कमी पोचतं. भरणारी टोळी मंदावते, खणणाऱ्या टोळीला मात्र जोर चढतो.

उंदरांवर झालेल्या काही प्रयोगांत निकोटीन दिल्यावर दात उलट लवकर सरकले. ऐकून वाटेल, मग बरंच की! पण त्याच प्रयोगांत दातांभोवतीचं हाडही जास्त झिजलेलं दिसलं. भराव न घालता नुसतं खणत गेलं तर रस्ता लवकर झाला असं कुणी म्हणेल का? दात जागेवर आला आणि त्याला धरायला हाडच पुरेसं उरलं नाही, तर तो हलतो, हिरडी खाली उतरते, मुळं उघडी पडतात. झिजून गेलेलं हाड सहजासहजी परत येत नाही.

घरात तारा लावलेला मुलगा असेल आणि तो चोरून बिडी-सिगारेट ओढत असेल, तर आणखी एक घोटाळा आहे. हिरडी बिघडली की रक्त येतं, ती आपल्याला खूण असते. धूम्रपान करणाऱ्याला रक्त कमी येतं. खूणच दिसत नाही, दुखणं आत वाढतं. आणि गुटखा? राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे पोरांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

दाढ ठणकली की आजी नातीच्या हिरडीला चिमूटभर मशेरी लावते. घटकाभर बरं वाटतं, कीड तशीच राहते आणि पोरीला सवय लागते. सकाळी मशेरी लावल्याशिवाय परसाकडे होत नाही, डोकं चढतं, असं तरुण मुलीही सांगतात. म्हणून तारा बसवण्याआधी मुलीला एकटीला, न रागावता विचारा. डॉक्टरांपासून तर अजिबात लपवू नका. खर्च झेपत नसेल तर सरकारी दंत महाविद्यालयात चौकशी करा, खाजगीपेक्षा तिथे पुष्कळ कमी लागतो.

सोडताना पहिले तीन-चार दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. दोन-चार आठवड्यांत ते ओसरतं. तारा काढल्यावरही नवं हाड पक्कं व्हायला कित्येक महिने लागतात. म्हणूनच डॉक्टर नंतर रिटेनर घालायला देतात, आणि तेवढे दिवसही डबी बंदच हवी. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत.