मुक्काम पाटणादेवी

खानदेशात पाहण्यासारखं आहे तरी काय, असं मुंबई-पुण्याचे पाहुणे मला विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, रात्र काढायची तयारी आहे का? कारण आमच्याकडची काही ठिकाणे अशी आहेत, की दुपारी येऊन, डबा खाऊन, संध्याकाळी परतणाऱ्याला ती दिसतच नाहीत. पाटणादेवी त्यांतलेच एक.

चाळीसगाव हे मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन. धुळ्याचा फाटा येथूनच फुटतो. तेथून नैर्ऋत्येला सुमारे अठरा किलोमीटरवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत चंडिकेचे हे देऊळ आहे. भोवती कडे, मधून डोंगरी नदी, आणि सगळीकडे रान. हे रान १९८६ साली अभयारण्य झाले. गौताळा-औट्रमघाट असे त्याचे नाव, आणि क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. त्यातला 'औट्रम' म्हणजे १८२५ साली भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम. रानाच्या कडेला वनखात्याचे विश्रामगृह आहे. थाटमाट शोधणाऱ्याने तेथे जाऊ नये. पाय चालते असलेल्या आणि जुन्या दगडांशी बोलण्याची हौस असलेल्या माणसाला मात्र त्याहून जास्त काही लागत नाही.

मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो विद्यार्थ्यांची सहल घेऊन. देऊळ पाहिले, उंच चौथऱ्यावरचे खांब मोजले, धबधब्यावर मुले भिजली, चार वाजता परत. भास्कराचार्यांवर दहा मिनिटे बोललो, तेही एसटीत! दुसऱ्या खेपेला एकटाच गेलो आणि निघायला लागलो तेव्हा तिथला एक म्हातारा राखणदार म्हणाला, "मुक्काम करा गुरुजी, सकाय दखा." राहिलो. ती सकाळ पाहिली आणि माझ्या आधीच्या सहलीची मला लाज वाटली.

पाटण म्हणजे नगर. आज पाटणे हे लहानसे खेडे आहे. पण बाराव्या शतकात येथे निकुंभ घराण्याची सत्ता होती, आणि डोंगरापलीकडच्या देवगिरीच्या यादवांचे ते मांडलिक होते. याच परिसरातल्या महादेवाच्या देवळात इ.स. ११५३ चा त्यांचा लेख आहे. पण पाटणचे नाव विद्वानांच्या जगात झाले ते दुसऱ्या लेखामुळे. भवानीच्या देवळातला हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली प्रसिद्धीस आणला. त्यात भास्कराचार्यांच्या कुळाची वंशावळ आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या पदरी गेला. त्याचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ, सिद्धांतशिरोमणी आणि इतर, शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला. निकुंभ राजा सोइदेव आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी त्याला दाने दिली. इ.स. १२०७ च्या श्रावणी पौर्णिमेला चंद्रग्रहण होते, त्या वेळचे हे दान. ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहणातच दान मिळावे, हे मला फार आवडते.

भास्कराचार्यांनी स्वतः आपल्या गावाचे नाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड असे लिहून ठेवले आहे. ते गाव कोणते, यावर पंडितांचे अजून एकमत नाही. आम्हां खानदेशी माणसांना ते येथलेच वाटतात, हे सांगायला नको! पण भास्कराचार्य येथे जन्मले की नाही यापेक्षा, ते गेल्यावर त्यांची विद्या टिकावी म्हणून येथे सोय झाली, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आणि ती सोय कशी केली, ते ऐका. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. परंतु व्यवहाराचा भाग आला की भाषा एकदम मराठी होते, ज्ञानेश्वरीच्या आधीची मराठी. पाटणच्या बाजारात माल उघडला की त्यातला राजाचा हिस्सा मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल. म्हणजे त्रिज्या आणि ज्या शिकणाऱ्या मुलांचा भार तेल्याने आणि दुकानदाराने उचलला होता. मला तर त्या पळीभर तेलात रात्रीच्या अभ्यासाची समई दिसते.

माणसे येथे मुक्कामाला येतात ती आजची नव्हेत. पाटणादेवीहून खोऱ्याने वर चढत गेले, की पितळखोऱ्याची लेणी लागतात. हद्द कन्नड तालुक्याची, पण पायवाट आमची! इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरलेली ही लेणी. पैठणच्या गंधी मितदेवाने, राजवैद्य मगिलाने दान दिल्याचे लेख तेथे आहेत, आणि एका यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव आहे. त्यांतले विहार म्हणजे तरी काय, पावसाळ्यात फिरणे थांबवून भिक्षूंनी राहायच्या खोल्याच. ही चढण मात्र दुपारची नव्हे. उजाडता निघावे, वाट माहीत असलेला गावकरी बरोबर घ्यावा, वनखात्याची परवानगी आधी काढावी. भर पावसात दगड निसरडे असतात. भाद्रपद-आश्विन बरा, पण नवरात्रात गर्दी. वरचा कण्हेरगड आणि नागार्जुन लेणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी.

इंग्लंड-वेल्सकडे लोकांनी याची एक रीत बसवली आहे. १९६५ साली सर जॉन स्मिथ आणि त्यांच्या पत्नीने लँडमार्क ट्रस्ट नावाची संस्था काढली. पडायला आलेली जुनी घरे, बुरूज, शेतघरे ती दुरुस्त करते आणि सुटीत राहायला भाड्याने देते. भाड्यातून डागडुजीला हातभार लागतो. मला त्यांची आणखी एक गोष्ट घ्यावीशी वाटते: घरात त्या वास्तूचा इतिहास सांगणारे पुस्तक असते, आणि आलेल्यांनी काय पाहिले ते लिहायला एक वही.

आपल्या विश्रामगृहांतून अशी वही ठेवायला किती खर्च येईल? पाटणादेवीला तर पुस्तकही तयारच आहे. शिलालेखाचा ठसा, त्याचे सोप्या मराठीत वाचन, आणि पायवाटांचा एक नकाशा, एवढे भिंतीवर टांगले तरी सहलीला आलेला मुलगा तेलाच्या पळीपाशी थबकेल. नाहीतर आज सुटीच्या दिवशी संध्याकाळी धबधब्याच्या वाटेवर काय उरते? प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पत्रावळी.

तर जाल तेव्हा विश्रामगृहाचे आरक्षण आधी करा. कळण्याची भाकरी आणि ठेचा घरून बांधून घ्या, टॉर्च विसरू नका. दिवे लागल्यावर रानात फिरू नका. तो वेळ बिबट्याचा. ओसरीवर बसा. कड्यांच्या मधोमध जेवढे आकाश दिसेल तेवढे पाहा, आणि त्यासाठी पौर्णिमा सोडून जा. चांदण्यात तारे कमी दिसतात.