जननग्रंथींचा निरोप

जून १८८९. पॅरिसमधल्या जीवशास्त्रज्ञांच्या सभेत बहात्तर वर्षांचे शार्ल ब्राउन-सेकार सांगत होते, की कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्यापासून आपल्या अंगात पुन्हा बळ आलं आहे. अर्क पाण्यात काढलेला. वृषणातलं संप्रेरक पाण्यात जेमतेम उतरतं. पाच वर्षांनी ते वारले. पण कल्पना टिकली. १९२०च्या दशकात सर्ज व्होरोनॉफ धनिक म्हाताऱ्यांच्या अंगात माकडाच्या वृषणाचे काप बसवत होते.

नोंदी उलटंच सांगत होत्या. १९६९ साली अमेरिकेतल्या कॅन्ससच्या एका संस्थेतली दप्तरं तपासली गेली. तिथे वृषणं काढलेले रहिवासी इतर पुरुषांपेक्षा सुमारे १४ वर्षं जास्त जगले होते. कोरियाच्या राजदरबारातले खोजे मुलगे दत्तक घेत, म्हणून त्यांच्या वंशावळी राहिल्या. त्यांतल्या ८१ जणांचं सरासरी आयुष्य ७० वर्षं भरलं, तिघांनी शंभरी गाठली. हा हिशेब २०१२ साली छापून आला.

कारण सोपं वाटत होतं. १९७७ साली टॉम कर्कवुड यांनी मांडलं, की शरीराची मिळकत बेताची असते. ती संततीवर खर्चली, की स्वतःच्या डागडुजीला कमी उरते.

या हिशेबाला धक्का दिला मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीनं. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या या जिवाची जननग्रंथी म्हणजे अवघ्या चार पेशी. मधल्या दोघींपासून बीजं होतात, कडेच्या दोघींपासून त्यांचं घर. १९९९ साली ऑनर सिन आणि सिंथिया केनियन यांनी मधल्या दोन पेशी लेझरनं जाळल्या. आयुष्य सुमारे ६० टक्क्यांनी वाढलं. चारही जाळल्या, तर काहीच वाढलं नाही. निपुत्रिक दोन्ही, खर्च दोघांचाही वाचलेला! म्हणजे ग्रंथी नुसती खर्चिक नव्हती, ती निरोप धाडत होती: बीजं आयुष्य आखडण्याचा, घर ते लांबवण्याचा.

२००३ साली म्हाताऱ्या उंदरिणींना तरुण अंडाशय बसवले, तर त्या जास्त जगल्या. २०२४ साली जपानमधल्या ओसाकाच्या संशोधकांनी किलीफिश या अल्पायुषी माशाच्या बीजपेशी काढल्या. नरांच्या यकृतात 'ड' जीवनसत्त्व वाढलं, ते जास्त जगले. माद्यांचं इस्ट्रोजेन घटलं, त्या लवकर मेल्या. ग्रंथी हवी की नको, हा ब्राउन-सेकार यांच्या काळापासूनचा प्रश्नच अपुरा होता. कोणती पेशी आणि कोणाच्या अंगातली, हेही विचारायला हवं होतं.