जुळं, बीपी आणि ‘तिघांचं जेवण’

आजची सुरुवात नवी पेठेतून आलेल्या एका व्हॉइस मेसेजने. “वहिनीला जुळं आहे, चौथा महिना लागलाय. आई म्हणते तिघांचं जेव. शेजारच्या काकू म्हणतात मीठ बंद कर, नाहीतर बीपी वाढेल. ऐकायचं कुणाचं?”

सांगतो. दोघींचंही नाही, पण काळजी मात्र खरी आहे.

गरोदरपणाचे 20 आठवडे झाल्यावर बीपी 140/90 किंवा त्याच्या वर राहू लागला आणि लघवीत प्रोटीन दिसलं, किंवा किडनी-लिव्हरवर परिणाम झाला, तर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. त्याचं मूळ बऱ्याच अंशी वारेत असतं. जुळ्यांत वारेचा पसारा मोठा, म्हणून धोका एका बाळापेक्षा दोन ते तीन पट. वेळेत लक्षात आलं नाही तर झटके येऊ शकतात, आईच्या आणि बाळांच्या जिवावर बेतू शकतं.

आता ताटाकडे येऊ. मीठ तोडल्याने हा आजार टळत नाही. वहिनींनी नेहमीसारखं, बेताचं मीठ खावं. तिप्पट जेवणही नको, कारण वजन आधीच जास्त असेल तर धोका आणखी वाढतो. भूक लागेल तसं थोडं थोडं, पण डाळ, उसळ, अंडी, दूध, पालेभाजी रोज पोटात जायला हवी.

खरी गोम कॅल्शियमची आहे. ज्यांच्या जेवणात ते कमी पडतं, त्यांना कॅल्शियमच्या गोळ्यांनी हा धोका कमी होतो. आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणी पोटभरीची खरी, पण 100 ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम 30 मिलिग्रॅमसुद्धा नसतं. तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या वर. म्हणून नाचणी, तीळ, दही-ताक वाढवा. शिवाय सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून 500 मिलिग्रॅमच्या रोज दोन गोळ्या देतात, त्या चुकवू नका. फक्त लोहाची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

आणि एक गोष्ट जेवणाने होत नाही. जुळं असेल तर डॉक्टर बऱ्याचदा कमी डोसची ॲस्पिरिन देतात. ती 12 आठवड्यांनंतर, शक्यतो 16 आठवड्यांच्या आत सुरू झालेली चांगली. वहिनींचा चौथा महिना आहे ना? मग याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. मेडिकलमधून मनाने आणून देऊ नका.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. बीपी आणि लघवी दोन्ही तपासून घ्या. बीपी वाढला तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही, म्हणून “बरं वाटतंय” यावर जाऊ नका.

डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, धाप, तोंड-हात अचानक सुजणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. 108 लावा.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. आई आणि काकू, दोघींनाही ऐकवा!