ऐकत नाहीत की ऐकू येत नाही?

"डॉक्टर, बाबा आमचं ऐकतच नाहीत," अशी तक्रार घरोघरी असते. पुष्कळदा दोष स्वभावाचा नसून कानाचा असतो. वयोमानानुसार उंच पट्टीचे आवाज प्रथम ऐकू येईनासे होतात. त्यामुळे स, श, फ, थ अशी अक्षरे निसटतात. आवाज पोहोचतो, शब्द कळत नाही. ओरडून बोलल्याने शब्द स्पष्ट होत नाही, उलट रागावल्यासारखे वाटते आणि वडीलधारी माणसे गप्प बसू लागतात.

टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश बोलावे. न कळल्यास तेच वेगळ्या शब्दांत सांगावे. कानात तेल वा काडी घालू नये. मळ साठला आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे व श्रवणचाचणी करावी. चष्मा लावताना कोणी लाजत नाही, मग श्रवणयंत्राचीच लाज कशाला?