लाल काटे आणि मद्रासचा नकाशा

पडद्यावर प्रथिनाची वेडीवाकडी साखळी असते. माऊसने तिचा एक भाग ओढला की दोन अणू एकमेकांवर चढतात, तिथे लाल काटेरी गोळा उगवतो आणि गुण धाडकन कोसळतात. साखळी जराशी फिरवली की काटे मावळतात, गुण चढू लागतात. हा ‘फोल्डिट’ नावाचा कॉम्प्युटर गेम. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने तो २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. जीवरसायनशास्त्राचा गंध नसलेला माणूसही तो खेळू शकतो. आणि याच खेळात एक नकाशा उघडता येतो, ज्याचा जन्म चेन्नईतला आहे!

चेन्नईत मांबलमला लोकल पकडली की सैदापेटनंतरचं स्टेशन गिंडी. त्या परिसरातल्या मद्रास विद्यापीठात १९५२ मध्ये जी. एन. रामचंद्रन भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून आले, तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते. त्वचेत, हाडांत, स्नायुबंधांत असणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची रचना तोवर कुणाला नीट उलगडली नव्हती. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये दाखवलं, की कोलॅजेन म्हणजे एकमेकींना पीळ घालून गुंफलेल्या तीन साखळ्या.

त्यावर परदेशातून आक्षेप आला: तुमच्या रचनेत काही अणू फारच जवळ आलेत. रामचंद्रन यांनी या आक्षेपातून मूळ प्रश्नच हाती घेतला. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? गर्दीच्या लोकलमध्ये दोन माणसं एकाच जागी उभी राहू शकत नाहीत, तसंच अणूंचं.

प्रथिनाच्या साखळीतल्या प्रत्येक अमिनो आम्लापाशी वळायला मुख्यतः दोनच जागा असतात. त्या दोन वळणांचे कोन म्हणजे फाय आणि साय. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या सहकाऱ्यांसह रामचंद्रन यांनी कोनांची एकेक जोडी तपासली: इथे अणू आदळतात का, तिथे वाट मिळते का? सारी आकडेमोड टेबलावरच्या गणनयंत्रांवर. १९६३ मध्ये या कोनांच्या जोड्यांचा नकाशा छापून आला. त्यात बहुतेक प्रदेश निषिद्ध होता, परवानगीची थोडीशीच बेटं. ग्लायसिनला तेवढी मोठी मोकळीक, कारण त्याच्या बाजूला एकच हायड्रोजन. कोलॅजेनच्या साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन का, तेही इथे कळतं: तिन्ही साखळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दुसरं कुणी मावतच नाही.

आज जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना प्रसिद्ध झाली, की ती ‘रामचंद्रन नकाशा’वर तपासली जाते. फोल्डिटच्या नकाशातही प्रत्येक अमिनो आम्ल एक ठिपका होऊन बसतं. एखादा ठिपका निषिद्ध प्रदेशात गेला की खेळणारा तो ओढून बेटावर आणतो, आणि तिकडे साखळीचं वळण बदलतं. पाठ्यपुस्तकातली आकृती अशी हलत नाही. इथे नियम आधी बोटांना समजतो, त्याचं नाव मागाहून कळतं. विज्ञान शिकवण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

हे खेळणं पोकळ नाही. माकडांना होणाऱ्या एड्ससारख्या आजाराशी संबंधित एका विषाणूच्या विकराची रचना दहा वर्षांहून अधिक काळ शास्त्रज्ञांना चकवत होती. फोल्डिटच्या खेळाडूंनी तीन आठवड्यांत तिचा उपयोगी पडेल असा आराखडा दिला. २०११ मध्ये त्यावर शोधनिबंध आला, त्यात खेळाडूंच्या गटांनाही श्रेय होतं. खेळामागच्या संशोधकांपैकी डेव्हिड बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रामचंद्रन यांना नोबेल मिळालं नाही. ते २००१ मध्ये चेन्नईतच वारले.

फोल्डिट मोफत आहे आणि सुरुवातीची कोडी अगदी सोपी आहेत. अकरावी-बारावीच्या शिक्षकांना एकच विनंती: प्रथिनांच्या धड्याला फळ्यावर व्याख्या लिहिण्याआधी ही कोडी मुलांना सोडवू द्या आणि मग सांगा, हा नकाशा गिंडीत काढला गेला होता.