मनुष्यबळ मोजायचं कसं? मावळातलं एक उदाहरण

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना 'मनुष्यबळ' हा शब्द आपण सहज टाकून देतो. अमुक संस्थेकडे इतके कर्मचारी, तमुककडे इतके स्वयंसेवक, झाला तक्ता. पण आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांचा अभ्यास करायचा असेल, तर हा तक्ता फारसं काही सांगत नाही. का, ते बेडसे आणि आसपासच्या मावळाचं उदाहरण घेऊन बघू.

बेडसे कामशेत-पवनानगरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. वर लेणी, आजूबाजूला लोहगड, विसापूर, तिकोना, खाली पवनेचं धरण. पावसाळा लागला की पुण्या-मुंबईची गर्दी इथे उतरते आणि तिच्या मागोमाग अपघातही येतात. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले. दोन्ही दिवस रविवार. (दोन उदाहरणांवरून नियम काढायचा नसतो, पण प्रश्न नक्की काढता येतो. तो पुढे येईलच.)

अशा वेळी मदतीला येणारी माणसं दोन तऱ्हांची. एक म्हणजे एनडीआरएफ. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून उभं राहिलेलं हे दल, आणि त्याची पाचवी बटालियन मावळातच, तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. एका बटालियनची मंजूर संख्या १,१४९. त्यात शोध-बचावाची १८ पथकं, प्रत्येकी ४५ जणांची. गुणाकार करा: ८१०. म्हणजे जवळजवळ तीस टक्के माणसं पथकांच्या बाहेरची आहेत. कुठल्याही दलाला गाड्या, भांडार, हिशेब, संपर्क, प्रशिक्षण हे सगळं कुणीतरी सांभाळावंच लागतं. शिवाय जवान केंद्रीय सशस्त्र दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात आणि काही वर्षांनी परत जातात. शिकलेलं माणूस जाणार हे इथे आधीपासून धरलेलं असतं, म्हणून प्रशिक्षण सतत चालू ठेवावं लागतं.

दुसरी तऱ्हा स्थानिकांची: लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, वन्यजीव रक्षक मावळ यांच्यासारख्या संस्था आणि सरकारी योजनेतले 'आपदा मित्र'. जवळचा माणूस आधी पोचतो, हे साधं भूगोलाचं गणित आहे. त्यात पावसाळ्यात एनडीआरएफची पथकं कोकण, सांगली, कोल्हापूर अशी आधीच पाठवून ठेवतात. बटालियन तालुक्यात आहे म्हणून सगळी माणसं तालुक्यात आहेत असं नाही.

आता स्थानिकांकडे ते तीस टक्के कोण करतं? दोर कुठे ठेवायचे, गाडीत डिझेल कुणी टाकायचं, पंचनामा होईपर्यंत कोण थांबायचं? बहुतेकदा तीच माणसं, रात्री घरी जाऊन. याला कुठल्याच तक्त्यात रकाना नसतो.

'आपदा मित्र'चंच बघा. विस्तारित योजनेचं उद्दिष्ट ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक, म्हणजे जिल्ह्याला सरासरी २८५ च्या आसपास. प्रशिक्षण बारा दिवसांचं. अहवालात 'प्रशिक्षित' हा आकडा येतो, तो साठा. आपल्याला हवी असते गळती. समजा ३०० जण शिकले आणि दरवर्षी १५ टक्के गळाले (हा आकडा मी फक्त गणितासाठी धरलाय), तर पाच वर्षांनी उरतात १३३. त्यातले मंगळवारी दुपारी तीनला एका तासात येऊ शकणारे किती? कुणी चाकणला शिफ्टमध्ये, कुणी तळेगावच्या कंपनीत. 'नोंदणीकृत', 'टिकलेले' आणि 'त्या तासाला उपलब्ध' ही तीन वेगळी चलं आहेत, आणि माणूस वाचतो की नाही हे तिसऱ्यावर ठरतं.

आणि इथे रविवारचा प्रश्न येतो. पवनेकाठी तंबू, हॉटेल, पार्किंग, भाड्याच्या गाड्या यांवर पोट असलेल्यांचा कमाईचा दिवस शनिवार-रविवारच. जुलैत भातलावणी. ज्या दिवशी कॉल येण्याची शक्यता जास्त, त्याच दिवशी जाण्याची किंमतही जास्त. ही किंमत कोण भरतं? सध्या तरी ज्याचं त्याचं घर भरतं. पाण्यातून मृतदेह काढलेला मुलगा सोमवारी सकाळी सातच्या शिफ्टला हजर असतो. जवानाला निदान वरिष्ठ, रजा, दवाखाना आहे. मदतसंस्थांसाठी २०१४ मध्ये केलेल्या 'कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड'च्या नऊ वचनांपैकी आठवं कर्मचाऱ्यांबद्दलच होतं: त्यांना आधार मिळावा, न्याय्य वागणूक मिळावी. पण तो 'कर्मचारी' मनात आणताना बहुधा कराराची नोकरी असलेला माणूसच डोळ्यापुढे येतो. मावळातला आपला माणूस त्यात बसतो का, हा मला तरी प्रबंधाइतका मोठा प्रश्न वाटतो.

मग मोजायचं कसं? "तुमच्याकडे किती स्वयंसेवक?" असं विचारलंत तर यादीतला आकडा मिळेल. त्याऐवजी "शेवटच्या पाच कॉलना कोण-कोण आलं, कामावरून सुट्टी कशी काढली, खर्च कुणी केला?" असं विचारा. पाचही वेळा तीच सहा-सात नावं आली, तर कागदावरची पन्नासची संस्था प्रत्यक्षात सातांवर उभी आहे. त्यातल्या एकाचा गुडघा गेला किंवा बदली झाली की काय होईल, हा तुमचा पुढचा प्रश्न.

कॉल कधी आला, कोण निघालं, हे बऱ्याचदा गटाच्या व्हॉट्सॲपवर वेळेसकट असतं. उत्तम विदा आहे, पण त्यात मृतांची, नातेवाइकांची नावं आणि फोटोही असतात. तेव्हा लेखी परवानगी घ्या, नावं काढून वेळा तेवढ्या उतरवा, फोटो स्वतःच्या फोनवर घेऊच नका. आणि मुलाखतींना जुलैतल्या शनिवार-रविवारी जाऊ नका. भात घरात आल्यावर, डिसेंबरात जा.